सव्वीस दिवसांची भाऊबीज

(२३ ऑगस्ट २०२५. नंदुरबार स्टेशनची आरक्षण खिडकी, सकाळचे आठ. आत बुकिंग बाबू, बाहेर एक मिरचीवाला, मागे काठी टेकलेले आजोबा आणि त्यांच्यामागे रांग.)

मिरचीवाला : रामराम बाबूजी. नागपूर, स्लीपर, दोन जागा. मी आणि मुलगा. २२ ऑक्टोबर, हावडा एक्सप्रेस. २३ला भाऊबीज आहे.

बाबू : परतीचं?

मिरचीवाला : तेही द्या. ते २० टक्के सूटवालं. पेपरात वाचलं.

बाबू : सगळं वाचलं?

मिरचीवाला : २० टक्क्यांपर्यंत वाचलं.

बाबू : मग पुढचं मी सांगतो. सूट जाण्यावर नाही, येण्यावर. तीही मूळ भाड्यावर. आरक्षणाचे २० आणि सुपरफास्टचे ३० रुपये जसेच्या तसे.

मिरचीवाला : मूळ भाडं ३०० धरा.

बाबू : माणशी ६० सुटले.

मिरचीवाला : दोघांचे १२०! तेवढीच ओवाळणीत भर. काढा. परतीची २५ तारीख.

बाबू : नोव्हेंबरची?

मिरचीवाला : अहो, ऑक्टोबरची! भाऊबीज झाली की निघायचं.

बाबू : या सवलतीत जायचं १३ ते २६ ऑक्टोबरला आणि यायचं १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरला.

मिरचीवाला : आणि मधले दिवस?

बाबू : बहिणीकडे. २२ला निघालात तर कमीत कमी २६ दिवस.

मिरचीवाला : बाबूजी, आमचे दाजी तिसऱ्या दिवशीच गाडीची वेळ विचारायला लागतात. आणि तेव्हा इथे माझी लाल मिरची पथारीवर वाळत असेल. अवकाळी आला तर ताडपत्री कोण टाकणार? रेल्वे?

बाबू : दिवाळी झाली की सगळे एकदमच परततात. ती गर्दी पातळ व्हावी, म्हणून हे ६० रुपये.

मिरचीवाला : म्हणजे तिकडेच थांबण्याची मजुरी! २६ दिवसांचे ६० रुपये. या दराने माझ्या पथारीवर कावळासुद्धा बसणार नाही.

बाबू : मग सवलत नको?

मिरचीवाला : नको कशी? काढून ठेवतो, तारीख नंतर बदलू.

बाबू : बदल करता येत नाही.

मिरचीवाला : रद्द करू.

बाबू : खुशाल करा. पैसे परत नाहीत.

मिरचीवाला : मुलाच्या जागी येताना पुतण्या आला तर?

बाबू : पुतण्या साध्या तिकिटावरही चालत नाही. तिथे २४ तास आधी अर्ज केला तर आईवडील, भाऊबहीण, नवराबायको आणि मुलं, एवढ्यांच्या नावावर बदलून मिळतं. इथे तेही नाही. जे दोघं जातील तेच दोघं येतील, त्याच वर्गाने, त्याच दोन स्टेशनांमध्ये. आणि दोन्ही तिकिटं कन्फर्म हवीत.

मिरचीवाला : मी तिकडे आजारी पडलो तर?

बाबू : १ डिसेंबरच्या आत बरे व्हा.

मिरचीवाला : सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना निदान दात तरी बघू देतात.

बाबू : मग मी मघापासून काय दाखवतोय?

मिरचीवाला : बरं, नवापूरहून काढलं तर? तिथे अर्धं स्टेशन गुजरातेत आहे.

बाबू : तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. नियम दिल्लीतला.

आजोबा : मी बोलू का? आम्हा म्हाताऱ्यांना ४० टक्के सूट होती, बायकांना ५०. पुरुषांना अट एकच, साठ वर्षं जगायचं.

मिरचीवाला : मग?

आजोबा : अट मी पाळली. सूट त्यांनी मार्च २०२० मध्ये काढून घेतली.

मिरचीवाला : आणि ते तिकीट रद्द करता यायचं?

आजोबा : यायचं ना! विचार बदलायला म्हाताऱ्याइतका वेळ कुणाकडे असतो?

मिरचीवाला : बाबूजी, साधं तिकीट रद्द केलं तर काय कापता?

बाबू : कन्फर्म असेल तर ४८ तास आधीपर्यंत स्लीपरला माणशी १२०. मग १२ तासांपर्यंत भाड्याच्या २५ टक्के. ४ तासांपर्यंत निम्मे. त्यानंतर काही परत नाही.

मिरचीवाला : म्हणजे साध्या तिकिटात विचार बदलायचे पैसे पडतात आणि स्वस्त तिकिटात विचार बदलायचीच बंदी. या ६० रुपयांत तुम्ही माझा पुढचा सगळा विचार विकत घेता!

बाबू : माझ्याकडे विचारांचं काउंटर नाही. काय करू?

मिरचीवाला : ठरलं. सूट नको. पूर्ण भाड्याचं द्या.

बाबू : (बटणं दाबून) वेटिंग ९, १०.

मिरचीवाला : आठ वाजता तर बर्थ होते!

बाबू : बर्थ ऑक्टोबरात होते. तुम्ही नोव्हेंबरात फिरत होतात.

मिरचीवाला : मग ते २० टक्केवालंच...

बाबू : दोन्ही तिकिटं कन्फर्म हवीत, म्हणालो ना.

मिरचीवाला : आणि वेटिंगचं रद्द केलं तर?

बाबू : वेटिंगच राहिलं तर माणशी ६० कापून बाकीचे परत.

मिरचीवाला : ६०? सूट घेऊन वाचणार होते तेवढेच!

बाबू : तेवढेच.

मिरचीवाला : पण इथे नाही म्हणायची सोय आहे. द्या दोन.

बाबू : २५ ऑक्टोबरचं परतीचं आरक्षण ३ दिवसांनी उघडेल. तीच तारीख ना?

मिरचीवाला : दाजींना विचारून येतो. आमच्या परतीची तारीख त्यांच्याकडे नेहमीच कन्फर्म असते.