जुन्या पिकपचे प्रमाणशास्त्र

पणदरे परिसरात जुनी डिझेल पिकप घेणाऱ्यास तिचे ज्ञान उशिरा होते. व्यवहार ठरेपर्यंत ते सगळे विकणाऱ्याकडे असते. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, की हळूहळू घेणाऱ्याकडे येऊ लागते. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रस्तुत गाडीला चारही लावून पाहिली.

शब्दप्रमाण लगेच निकालात निघते. ‘घरची गाडी हाय, भाड्याची एक फेरी मारली न्हाय,’ हे विक्रेत्याचे वचन. प्रत्यक्ष पाहता हौद्याच्या सांध्यांत कांद्याची वाळकी सालं अडकलेली, दोरी बांधायचे हूक आतून घासून चकाकलेले आणि फाळक्यावरच्या निळ्या रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली कुण्या देवाचे अर्धे नाव. मीटर अडुसष्ट हजार दाखवतो. क्लचच्या पेडलवर मात्र रबर संपून लोखंड उघडे पडले आहे. मीटर मागे फिरवता येतो. रबरही नवे बसवता येते, पण विक्रेत्याचा अभ्यास तिथवर गेला नव्हता.

खरी गहन चर्चा अनुमानाची. नैयायिकांनी डोंगरावर धूर पाहून आग ओळखली. माळेगावच्या कारखान्याच्या धुराड्यापर्यंत हा नियम टिकतो, सायलेन्सरपाशी मोडतो. रुडॉल्फ डीझेलने 1897 साली ऑग्सबर्गमध्ये चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नव्हतीच: हवा दाबून इतकी तापवायची, की फवारलेले इंधन आपोआप पेटावे. थंडीच्या सकाळी दाब कमी पडला, तर ते न जळताच पांढरा धूर होऊन बाहेर येते. म्हणजे धूर आहे, आग नाही! निळा धूर दिसला तर ऑइल जळतेय, काळा दिसला तर डिझेलच्या मानाने हवा कमी. प्राचीनांनी धुराचा रंग विचारलाच नाही, ही मोठी उणीव.

आमच्या गाडीचा दोष त्याहून सूक्ष्म. सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन बोलत नाही आणि कुठल्याच रंगाचा धूर येत नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडून सूत्र उच्चारले, ‘हवा धरतीय.’ त्यावरचे भाष्य असे: पाइपच्या जोडावरचा वॉशर दबलेला आहे, रात्री तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. मग फिल्टरचा बोल्ट किंचित सैल करून हातपंप दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग सुटे बुडबुडे, मग निखळ डिझेल. बोल्ट आवळायचा, पंप अंगठ्याखाली कडक झाला की सेल्फ मारायचा. वॉशर बदलला. हवा आता पुढच्या जोडातून शिरते.

राहिले उपमान. चुलत्यांचा सिद्धान्त असा, की ही गाडी आपल्या जुन्या म्हशीसारखी आहे. गोंजारल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. यावर चुलतीचा पूर्वपक्ष: म्हैस निदान शेण तरी देते. त्याचे खंडन अद्याप कोणी केलेले नाही.