ओरिजनल पेंटवाले आप्पा

लग्नाला आलेल्या बाया नवरीच्या अंगावरचं सोनं बघतात, पुरुष पंगत कुठवर आली ते बघतात. आप्पा मंडपाबाहेर लावलेल्या गाड्यांचे टप बघतात. एक डोळा मिटून, गुडघ्यात जरा वाकून, उन्हाची तिरीप बॉनेटवरून कशी सरकते ते निरखत राहतात. मग टपाच्या कडेला नख लावतात, जिभेने ‘च्‌’ करतात आणि गाडीचा मालक जवळपास सापडला तर त्याच्या वरण-बट्टीची चव घालवतात. “भाऊ, तुमचं लॅकर गेलं.”

शिरपुरात प्रत्येक कॉलनीत असा एक आप्पा असतो. कुठे तो नाना असतो, कुठे बापू. बहुधा निवृत्त शिक्षक, नाहीतर सूतगिरणीत किंवा बँकेत नोकरी झालेली. मुलगा पुण्यात, दारात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली सहावा वेतन आयोग लागला त्या सुमारास घेतलेली चंदेरी गाडी. पाटी एमएच 18. मालक पहिला. किलोमीटर अगदी कमी, कारण आप्पा गाडी चालवतात थोडी आणि पुसतात फार.

आमच्या कॉलनीतले आप्पा विज्ञान शिकवायचे. त्यामुळे ‘लॅकर गेलं’ एवढ्यावर ते थांबत नाहीत, तास घेतात. अँबॅसिडरच्या जमान्यात रंग म्हणजे रंग होता. फिका पडला की घासायचा, खालून तोच रंग ताजा निघायचा. आता तसं नाही. पत्र्यावर प्रायमर, प्रायमरवर रंग आणि रंगावर पारदर्शक थर. कंपनी त्याला क्लिअर कोट म्हणते, आपले पेंटर लॅकर म्हणतात. कंपनीतून येतं तेव्हा सगळं मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतं, त्यात लॅकर चाळीस-पन्नास. इथे आप्पा समोरच्याच्या हातातली लग्नपत्रिका घेऊन तिची कड चिमटीत धरतात. “याच्या निम्मंसुद्धा नाही. आणि त्याच्या जोरावर तुम्ही गाडी उन्हात लावता.”

ऊन हा आमच्या गावाचा जुना विषय. गावाने नाले खोल केले, बंधारे बांधले, पाणी जमिनीत मुरवलं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या त्या कामाचं ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर नाव झालं. उन्हाचा पॅटर्न मात्र कुणाला बदलता आलेला नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर जाऊन बसतो आणि गाडीच्या दाराला हात लावायचा तर रुमाल लागतो. लॅकरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात, पण ती शोषता शोषता संपत जातात. मग लॅकर कडक होतं, चरे पडतात, चऱ्यांतून पाणी आत शिरतं आणि खालच्या रंगावरची पकड सुटते. म्हणून आधी जातो तो टप, मग बॉनेट, मग डिकी. दरवाजे शेवटपर्यंत टिकतात, कारण त्यांच्यावर ऊन तिरपं पडतं. हे सगळं आप्पांचंच. मी नुसतं ऐकून ऐकून पाठ केलंय.

त्यांच्या तपासणीला मात्र मी मानतो. शेजारच्या पाटील सरांची लाल गाडी फिकी पडली तेव्हा सर थेट फुल बॉडी पेंटचा भाव काढायला निघाले होते. आप्पांनी त्यांना फाटकातच अडवलं. गाडी धुऊन घेतली, सावलीत आणली, कोरडी केली. पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेतलं आणि बॉनेटच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, घासलं. कापड मळलं पण लाल झालं नाही. म्हणजे रंगावर अजून लॅकर आहे. घासलेल्या जागी चमक परतली, म्हणजे वरवरचाच थर मरगळलाय. मग शेवटची परीक्षा नखाची. कुठेही नख अडकलं नाही. “पॉलिशवर भागेल. कड सुटली असती आणि नख अडकलं असतं, तर मात्र जगातलं कुठलंही पॉलिश ती परत चिकटवत नाही.” सरांचे बरेच पैसे वाचले. त्या आनंदात त्यांनी आप्पांना शेवभाजी खाऊ घातली. खाताना आप्पांची नजर हॉटेलबाहेर लावलेल्या जीपवर होती.

आता त्यांच्या स्वतःच्या गाडीकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

तिच्या टपावर आधी नुसता धुरकटपणा होता. मग मधोमध पांढरट डाग उमटला. आता त्या डागाच्या कडा गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांसारख्या वर वळल्या आहेत. नख कशाला, तिथे अख्खं बोट अडकतं. लॅकर उडालेल्या जागी चंदेरी रंग काळवंडलाय, कारण त्या रंगातली चमक ॲल्युमिनियमच्या बारीक कणांची असते आणि पांघरूण गेलं की त्यांना हवा-पाणी लागतं. दुसऱ्याच्या गाडीवर एवढं दिसलं असतं तर आप्पांनी भर रस्त्यात ‘लॅकर गेलं’ म्हणून जाहीर केलं असतं. स्वतःच्या गाडीला ते म्हणतात, “जरा ऊन लागलंय.”

उन्हाचा वाटा आहेच. पण माझ्या मते अर्धा वाटा आप्पांच्या मायेचा आहे. सावली म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली. तिथे साळुंक्यांची वस्ती, आणि पक्ष्यांची घाण तापलेल्या लॅकरवर पडून राहिली की त्यात खड्डाच करते. ती धुवायला बोअरचं पाणी, तेही तापल्या बॉनेटवर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रोज सकाळी आग्रा रोडची बारीक धूळ कोरड्या फडक्याने पुसायची, म्हणजे हळूहळू घासायचीच. वर दर दसऱ्याला रबिंग कंपाउंड लावून हात दुखेपर्यंत चमकवायची. कंपाउंड चमक देतं ते लॅकरचा वरचा पापुद्रा काढूनच देतं, आणि लॅकर काही पुन्हा उगवत नाही. पलीकडच्या गल्लीतले तात्या गाडी धुवतात ती पोळा-दिवाळीला. त्यांची गाडी गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये म्हशीच्या शेजारी उभी असते आणि अजून आरशासारखी लखलखते. आप्पा त्या गल्लीतून जाताना मान दुसरीकडे करतात.

उपचार झाले नाहीत असं नाही. मेण झालं. खोबरेल तेल झालं; तासभर गाडी नवी दिसली, मग साऱ्या गल्लीची धूळ तिला चिकटली. टूथपेस्ट झाली, त्यावर काकूंनी फक्त “अहो, दात घासायला काही ठेवलंय का?” एवढंच विचारलं. मुलाने पुण्याहून स्प्रेचा डबा पाठवला. तो सुटलेल्या कडांवर मारल्यावर कडा जास्तच उठून दिसल्या आणि महिनाभरात नवं-जुनं दोन्ही मिळून निघालं. धुळ्याला एका पोराने सिरॅमिक कोटिंग सुचवलं, तेव्हा आप्पांनीच त्याला सुनावलं, की खालचा थर सुटत असेल तर वर काहीही लावा, ते खालच्यासोबतच जाणार. बरोबर बोलले. फक्त हे ज्ञान स्प्रेच्या आधी आठवायला हवं होतं.

शेवटी करवंद नाक्याकडच्या पेंटरने टपावर हात फिरवला आणि अहिराणीत निकाल दिला, “आप्पा, हाई पॉलिशनं काम नही. पेपर मारना पडी.” म्हणजे पाणीपेपरने सुटलेलं लॅकर उतरवायचं, कड हाताला लागेनाशी होईपर्यंत घासायचं, पत्रा उघडा पडला तर प्रायमर, मग पूर्ण टपाला रंग आणि वर लॅकरचे दोन-तीन हात. आप्पांनी विचारलं, नुसता लॅकरचा हात मारला तर? पेंटर हसला. हा प्रश्न आप्पांना कुणी विचारला असता तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पेंटर तोंडाला रुमाल बांधून फवारा मारतो, हे मात्र आप्पांना बघवलं नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट छाती कायमची धरतं, रुमालाने ते अडत नाही, असं सांगून त्यांनी स्वतःच्या पैशाने त्याला फिल्टरचा मास्क आणून दिला. पेंटर खूश झाला. मास्क आला, गाडी काही आली नाही.

कारण मुहूर्त. आप्पांचा मुहूर्त पंचांगात नाही, रसायनशास्त्रात अडकलाय. पावसाळ्यात हवा दमट, लॅकर दुधाळ पडतं. उन्हाळ्यात थिनर फवाऱ्यातच उडतं, रंग दाणेदार बसतो, वर धूळ आहेच. थंडीत सुकायला वेळ लागतो, तेवढ्यात किडे येऊन चिकटतात. उरली दिवाळी, तेव्हा पेंटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. यातलं एकही कारण खोटं नाही. म्हणूनच आप्पांशी वाद घालता येत नाही.

मुहूर्ताच्या आड मात्र दुसरंच काहीतरी आहे. आपल्याकडे जुनी गाडी विकताना ‘ओरिजनल पेंट’ म्हटलं की भाव चढतो. नवा रंग दिसला की गिऱ्हाईक विचारतं, “कुठे ठोकली होती?” आप्पांनी गाडी कधी ठोकलेली नाही आणि हा डाग त्यांना नकोय. म्हणजे नसलेल्या अपघाताचा संशय नको म्हणून असलेलं टक्कल मिरवायचं. पंधरा वर्षं होऊन गाडी धुळ्याला पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली तेव्हा एजंट म्हणाला, रंग मारून आणा, बरी दिसेल. आप्पांनी पर्यावरण कर निमूट भरला, पण रंग मारला नाही.

परवा सेंधव्याहून एक गिऱ्हाईक आलं. तरणा मुलगा, मोठी काळी गाडी घेऊन बायकोला शिकायला छोटी गाडी बघत होता. आप्पांनी इंजिन ऐकवलं, सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार लावलेली फाइल दाखवली. मुलगा टपाकडे बघत राहिला.

“रंग करून द्या काका, लगेच घेतो.”

“अहो, ओरिजनल आहे तो!”

“ओरिजनल होता. आता कुठे आहे?”

आप्पा गप्प झाले. काकू दारात आल्या, त्यांनाही वाटलं आता पेंटरला फोन जाणार. पण आप्पांची नजर मुलाच्या खांद्यावरून त्याच्या काळ्या गाडीकडे गेली होती. ते उठले, चष्मा लावला, जिन्याच्या दोन पायऱ्या चढून तिचा टप तिरपा बघितला.

“बाहेरच उभी असते ना?”

“हो. का?”

“रोज कोरड्या फडक्याने पुसता?”

“ड्रायव्हर पुसतो.”

आप्पांनी बनियनचा तुकडा मागवला. अर्ध्या तासाने मुलगा निघाला तेव्हा त्याच्या खिशात गाडीच्या चाव्यांऐवजी करवंद नाक्याच्या पेंटरचा नंबर होता आणि चेहऱ्यावर काळजी होती.

“विकली का?” आतून काकूंनी विचारलं.

“कशाला विकू? त्याच्या टपाचं लॅकर जेमतेम दोन वर्षं काढेल. अशा माणसाच्या हातात आपली गाडी द्यायची?”