टीममध्ये 'आय' नसते म्हणे

मा. टीम-बिल्डिंग प्रशिक्षक महोदय यांस,



पत्रास कारण की, गेल्या डिसेंबरात गंगापूर धरणाच्या बाजूला, एका रिसॉर्टच्या हिरवळीवर आपण आम्हां बेचाळीस जणांची एका दिवसात एक टीम करून दिलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. निघताना तुम्ही फीडबॅकचा कागद दिला होता, पण त्यावर पाच हसरे-रडके चेहरे होते आणि त्यांतल्या एकाला गोल करायचा होता. माझं म्हणणं कुठल्याच चेहऱ्यात बसेना. म्हणून हे पत्र. उघडं पाठवतोय, कारण सकाळच्या सत्रात तुम्हीच तीनदा म्हणालात, 'ओपन कम्युनिकेशन'.

माझी ओळख तुम्हाला पटणार नाही, म्हणून खूण सांगतो. मी नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, तेवीस वर्षं झाली. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, या खेळात ज्याने पडायला नकार दिला तो मी. मला झेलायला परचेसचे साहेब उभे होते. माणूस सज्जन आहे. पण त्यांनी वेळेवर झेललेली एकही गोष्ट मला या तेवीस वर्षांत आठवली नाही, आणि माझा मणका त्यांच्यासाठी नमुना म्हणून वापरायची माझी तयारी नव्हती. तुम्ही वहीत काहीतरी लिहून घेतलंत. ते काय होतं ते पुढे एप्रिलात कळलं.

मग तुम्ही फळ्यावर इंग्रजीत टीम असं लिहून विचारलंत, "यात कुठलं अक्षर नाही?" कोणी बोलेना. तेव्हा विजयी मुद्रेने म्हणालात, "टीममध्ये 'आय' नसते!" आमच्या मेंटेनन्सचे फिटरकाका, सिन्नरकडचे, मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "बिनआयची टीम म्हंजी पोरकीच की ओ सर." सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण मला वाटतं तुम्हाला ते कळलं नव्हतं. महोदय, दिवसभरात आम्ही बेचाळीस जण खरोखर एक झालो ते तेवढ्याच अर्ध्या मिनिटापुरते, आणि ते तुमच्या वेळापत्रकात नव्हतं.

कच्च्या स्पॅगेटीच्या काड्यांचा मनोरा आणि त्याच्या डोक्यावर मार्शमेलो, हा खेळ छान होता. आमचा मनोरा पडला. बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांपेक्षा बालवाडीची मुलं हा मनोरा उंच बांधतात, हे तुम्हीच सांगितलंत. त्यावर आमच्या डिस्पॅचवाल्याने सुचवलं, "मग बालवाडीला कामावर घ्या आणि आम्हाला शाळेत पाठवा." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पण मला खरं बोलायचंय ते दोराबद्दल. जेवणानंतर तुम्ही पिवळा दोर काढलात आणि प्रॉडक्शन विरुद्ध क्वालिटी अशी रस्सीखेच लावलीत. आठ-आठ जण. 'एक अधिक एक अकरा' असं ओरडत होतात. आता तुमच्या धंद्यातली गोष्ट मी तुम्हाला सांगणं बरं दिसत नाही, पण रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना असाच दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, त्याच्या जवळजवळ निम्माच तो आठ जणांत मिळून लावतो. म्हणजे आठ माणसांचं बळ भरतं चारांएवढं. काहींना वाटलं, एकाच वेळी ओढ बसत नाही म्हणून असं होत असेल. मग १९७४ साली अमेरिकेत माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा मोजलं. मागची माणसं नुसतीच ओढण्याचं सोंग करत होती. तरी पुढचा ढिला पडलाच. मागे कोणीतरी आहे, एवढ्या समजुतीवरच. आमच्या कारखान्यात याला 'होतंय, होतंय' म्हणतात.

योगायोग असा की, त्याच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला आणि लगोलग तो काढणाऱ्या फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नाशकात हलवलं. तिथे 'चमू' वगैरे शब्द नव्हते. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कंपनीतल्या सगळ्यांना रांधून वाढायच्या, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, आणि रात्री फिल्मच्या पट्टीला छिद्रं पाडत बसायच्या. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढची आहे. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, पैसेवाले भागीदार आले, आणि फाळक्यांचं त्यांच्याशी बिनसलं. ते सगळं टाकून काशीला निघून गेले, तिथे नाटक लिहिलं, आणि काही काळाने परत येऊन पुन्हा सिनेमे काढायला लागले. तुमच्या स्लाइडवर टकमनसाहेबांचे टीमचे चार टप्पे होते, १९६५ सालचे. त्यात भांडणाचा टप्पा होता. काशीला जाण्याचा नव्हता. तो घालावा अशी माझी नम्र सूचना आहे. आमच्याकडे दरवर्षी दोघे-तिघे काशीला जातात, फक्त आम्ही त्याला 'चाकणला गेला' म्हणतो.

दोरच दाखवायचा होता तर रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, पंचवटीत यायचं होतं. काळाराम मंदिरातून रामाचा रथ आणि गरुड रथ निघतात. ओढणारे वेगळे, दिशा सांभाळणारे वेगळे. रामरथ गोदावरी ओलांडत नाही, गरुड रथ पलीकडे गावात जातो. आणि रथाच्या पुढे, रथाकडे तोंड करून, हात जोडून मानाचे बुवा उलटे चालतात. सगळी वाट उलटे. मागे काय आहे ते बघायचं नाही, समोर जड रथ, दोन्ही बाजूंना ओढणाऱ्यांची झुंबड. याला मी तुमच्या भाषेत ट्रस्ट म्हणेन. आता खरं सांगायचं तर, त्या दोरालाही निम्मे लोक नुसता हात लावून पुण्य घेऊन जातात; मीही त्यांतलाच. रिंगेलमान नाशकात आला असता तर त्याला काही नवीन दिसलं नसतं. पण रथ अडत नाही. कारण कोणाच्या खांद्यावर तो आहे आणि कोण नुसता हात लावतोय, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी त्याचा मनोरा करून टाळ्या वाजवायला लावत नाही.

रस्सीखेच चालू होती तेव्हा मी कुंपणापाशी होतो. तारेपलीकडे द्राक्षाचा बाग होता. डिपिंग चाललं होतं. गिरणाऱ्याच्या नाक्यावरून आणलेली टोळी असावी, सात-आठ बाया. हातात औषधाचा प्लॅस्टिकचा मग, एकेक घड त्यात बुडवायचा, जरा झटकायचा, पुढचा घड. मान वर, हात वर, दिवसभर. कोपरावरून औषध ओघळून बाहीत जात होतं. एकेकीला एकेक ओळ. एकीची ओळ मात्र मागे राहिली होती, कारण मांडवाच्या अँगलला साडीची झोळी बांधलेली होती आणि झोळीतलं पोर दर दहा मिनिटांनी जागं होत होतं. तिच्या शेजारच्या ओळीतली बाई आपली ओळ संपवून पुढे गेली नाही. ती वळली आणि झोळीवालीच्या ओळीत दुसऱ्या टोकाने शिरली. मधोमध दोघी भेटल्या. ना टाळी, ना 'हाय फाइव्ह'. एकीने दुसरीच्या मगात उरलेलं औषध ओतलं आणि पुढच्या ओळी धरल्या.

मी तारेजवळून विचारलं, "मावशी, तुमची ओळ झाली होती, मग तिची का घेतली?"

माझ्याकडे तिने खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "उक्तं काम आहे दादा. तिची ओळ राहिली तर पिकअप थांबती आमची. पेठला पोचायला रात होती."

तुमच्या संपूर्ण दिवसाचं साहित्य या तीन वाक्यांत होतं. आणि बिल कोणी मागितलं नाही.

शाळेतही तुमचेच भाऊबंद पोचलेत. माझी मुलगी सातवीत आहे. 'समूह प्रकल्प' होता, ज्वालामुखी, पाच जणींचा गट. एकीने चार्ट पेपर आणला. एकीने नावं सुबक अक्षरात लिहिली. एक आजारी पडली. एकीच्या आईने मातांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा दिला. उरलेला ज्वालामुखी आमच्या ओट्यावर माझ्या बायकोने रात्री साडेअकरापर्यंत केला, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून, आणि तो चाचणीतच पोळपाटावर फुटला. पाचही जणींना सारखे गुण आणि शेरा : 'उत्तम संघभावना'. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी चार्ट पेपरवाली होणार." ती शिकली, एवढं नक्की. तिच्याच शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खो-खो चालतो. आठ जणी पाटीवर उकिडव्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. ते कोणी तिला प्रकल्प म्हणून दिलेलं नाही; घरी आली की गुडघे दाखवते, शेरा दाखवत नाही.

आता जे तुमच्या हातात नव्हतं, पण तुमच्या बॅनरखाली झालं, ते. 'आपण सारे एक कुटुंब' असा तो बॅनर होता. आमची बस बावन्न सीटची, आम्ही बेचाळीस. दहा जागा रिकाम्या. आमच्या लाइनवर निम्मी पोरं कॉन्ट्रॅक्टची आहेत. त्यांची नावं यादीत नव्हती, कारण ती 'कंपनीच्या रोलवर' नाहीत. त्या दिवशी तेच लोक लाइन चालवत होते, म्हणून आम्हाला कुटुंब व्हायला सवड मिळाली.

आणि एप्रिलात ॲप्रेझल आलं. प्रत्येक विभागात दहा टक्के माणसं 'सुधारणा आवश्यक' निघालीच पाहिजेत, असा वरून नियम. आम्ही स्टोअरला पाच जण. पाचाचे दहा टक्के म्हणजे अर्धा माणूस. एचआरने उदार मनाने त्याचा पूर्णांक केला. त्या अर्ध्याच्या धास्तीने आम्ही पाचही जण महिनाभर एकमेकांशी जपून बोलत होतो; कोण कोणाच्या चुकीचा मेल साहेबांना 'सीसी' करतोय यावर नजर. डबा वेगवेगळ्या वेळी खायला लागलो. शेवटी तो एक माणूस मी निघालो. टीमवर्कला पाचपैकी दोन. शेरा : 'सहकाऱ्यांवर विश्वास ठेवण्यात कमी पडतात. (संदर्भ : आउटबाउंड प्रशिक्षण.)'

तुमची वही फार नीट लिहिलेली होती, याबद्दल पुन्हा एकदा आभार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
स्टोअरमधला, न पडलेला

ता. क. रस्सीखेचीचा तुमचा पिवळा दोर चुकून आमच्या बसच्या डिकीतून आला. मी तो स्टोअरला जमा करून घेतला. फेब्रुवारीत एका रात्री संपच्या खड्ड्यातल्या पंपाची मोटर बसली, आणि चेन ब्लॉक नेमका तेव्हाच अडकला. तिसऱ्या पाळीची कॉन्ट्रॅक्टची चार पोरं आणि फिटरकाका दोर मागायला आले. 'हो... हे...' करत त्यांनी मोटर वर घेतली, पहाटे चारला पंप चालू झाला, आणि ते चहा प्यायला गेले. दोराला ग्रीस लागलंय, एके ठिकाणी पीळही सुटलाय, पण अजून कामाचा आहे. परत हवा असल्यास रिटर्नेबल गेट पास लागेल; त्यावर स्टोअर, सिक्युरिटी आणि परचेस अशा तीन सह्या. दोन झाल्यात. परचेसची मार्चपासून बाकी आहे.