हायपरलूपसाहेब, येताना सुट्टे पैसे आणा

श्री. रा. रा. हायपरलूपसाहेब यांस,

जालन्याहून एका प्रवाशाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आपलं दर्शन आजवर फक्त चित्रातच घडलं. पांढरीशुभ्र नळी, आत हसरी माणसं आणि एकाच्याही मांडीवर पिशवी नाही! १८ फेब्रुवारी २०१८ ला आपल्या कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड ब्रॅन्सन मुंबईत आले, राज्य सरकारशी करार झाला आणि मुंबई-पुणे अंतर २५ मिनिटांवर आलं. कागदावर. पुढच्या वर्षी ७० हजार कोटींच्या या प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. आम्ही जालनेकर सळई आणि बियाणं विकणारी हिशेबी माणसं. लगेच त्रैराशिक मांडलं : पुणं २५ मिनिटांत, तर जालना तासाभरात.

मग नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात आपण पहिल्यांदा माणसं घेऊन धावलात. मार्ग ५०० मीटर, वेग ताशी १७२ किलोमीटर. राग मानू नका, पण एवढ्या अंतराला आमच्याकडे कुणी रिक्षासुद्धा करत नाही.

२०२२ मध्ये आपल्या त्या कंपनीने माणसं सोडून माल वाहायचं ठरवलं आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर कुलूपच लावलं. योगायोग बघा, त्याच डिसेंबरच्या ३० तारखेला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली. रूळ, चाकं, विजेची तार, सगळं जुनंच! ती पुढे नांदेडपर्यंत गेलीसुद्धा.

आपल्या डब्यात म्हणे २८ जण बसणार. साहेब, २८ जण आमच्या लाल परीत उभे असतात. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी गाडी एकदा बघाच. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी नातू आत जातो. "मधी सरका, मधी लई जागा हाय," म्हणत कंडक्टर अशा जागेतून वाट काढतो, जिथं आपली हवासुद्धा शिरणार नाही. अर्थात आपल्या नळीत हवा काढूनच टाकतात म्हणा. मग खिडकी कुठे ठेवणार? "थांबा, आमची म्हातारी ऱ्हायली," असं कुणी ओरडलं तर थांबाल का? बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी गाठलेल्यांना मोफत, ही सवलत निर्वात पोकळीत लागू आहे का? आणि सुट्टे पैसे तेवढे घेऊन या, तो प्रश्न कुठल्याही वेगाने सुटलेला नाही.

आपल्या नात्यातली मोनोरेल २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा धावू लागली. बिघाडांना कंटाळून सप्टेंबर २०२५ मध्ये ती बंद ठेवावी लागली. घराण्याची ही कीर्ती ठाऊक असूनही नवा करार, नवं चित्र आलं की टाळ्या पडतातच. आयआयटी मद्रासमध्ये ४२२ मीटरच्या नळीत आपल्यावर प्रयोग चालू आहेत, ते जरूर व्हावेत. प्रयोगशाळेतली गोष्ट वेळापत्रकासह भाषणात येते, तिथे आमची हरकत आहे.

जालना-खामगाव रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. किती निवेदनं गेली, किती आंदोलनं झाली! त्या मागणीत खोट एकच, तिला चाकं आहेत. जालना-खामगाव हायपरलूप मागितला असता तर एव्हाना करार होऊन फोटोही निघाले असते. भोकरदनवरून जाणाऱ्या जालना-जळगाव मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. १७४ किलोमीटर, सुमारे सात हजार कोटी. म्हणजे आपल्या मुंबई-पुणे नळीच्या खर्चात असे दहा मार्ग झाले असते.

तेव्हा विनंती एवढीच की, आमच्या पुढाऱ्यांना इतक्यात भेटू नका. आधी जळगावचे रूळ पडू देत, खामगावचा कागद हलू दे, आणि खेड्यापाड्यांत मुक्कामी एसटी वेळेवर पोहोचू दे. मग खुशाल या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फलाटावरचा एक प्रवासी, जालना