पेटीतला मे महिना

अकोल्याच्या उन्हाला कंटाळून मी मँचेस्टर गाठलं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावातून सुटलेला हा माणूस आता विजेचं बिल भरून चार फूट लांब पेटीत अकोला चालवतो. त्या अकोल्यात दगडू राहतो. दगडू म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला दाढीवाला सरडा. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला, फक्त अंगाने भरलेला आणि खर्चाला भारी.

मुलीला कुत्रा हवा होता. घरभर केस होतील म्हणून बायकोने नकार दिला. सरड्याला केस नसतात, तो भुंकत नाही, हा युक्तिवाद माझा. तापमानाचा विषय निघाला तेव्हा तर मी छातीच पुढे काढली. "ऊन मला शिकवू नका. मी अकोल्याचा आहे."

पण दगडूला नुसतं ऊन नको असतं, सावलीही हवी असते, आणि तीही त्याच पेटीत. अंगची ऊब नसल्यामुळे ऊन खाल्ल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. म्हणून दिव्याखालच्या दगडावर ४० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५, आणि रात्री दिवे बंद. मधल्या मध्ये ये-जा करून तो आपलं आपण जमवतो. त्याला लागणारे यूव्हीबी किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे त्यांची नळी वेगळी. ती दिसायला पेटत असली तरी किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाकाठी बदलायची.

पेटीच्या भिंतीवर मी गोल काट्याचा थर्मामीटर चिकटवला. तो ३० दाखवायचा. दगडू तोंड वासून बसलेला. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला : 'आमचा दगडू हसतोय.' अकोल्याहून आईचं उत्तर आलं, "हसत नाही रे तो, धापा टाकतोय. आपला मोती उन्हाळ्यात असाच बसायचा."

मग दुरून तापमान मोजणारी बंदूक मागवली. दगडावर धरली, तर ५६ अंश! भिंतीवरचा काटा बिचारा भिंतीपाशची हवा मोजत होता. बंदूक हातात आल्यावर मी चहा मोजला, वरण मोजलं, बायकोचं कपाळ मोजलं. शेवटची नोंद घेताना आकडा वाढत असल्याचं स्पष्ट दिसलं.

घाबरून कमी वॅटचा दिवा लावला. आता दगडू काळा पडला. जास्त ऊब शोषायला हे सरडे रंग गडद करतात, हे मला तेव्हा कळलं. खाणं बंद. २०२० साली विदर्भात शेतकऱ्यांनी थाळ्या वाजवून हाकललेले वाळवंटी टोळ मी इथे डबीतून विकत आणतो. ते दगडूच्या पाठीवरून खुशाल फिरत होते.

शेवटी जुना दिवा परत लावला आणि सोबत थर्मोस्टॅट आला. तापमान मोजणारा त्याचा प्रोब पेटीत ठेवायचा, मग थर्मोस्टॅटच दिवा हवा तसा मंद-तेज करतो. मी निश्चिंत झालो. रविवारी पेटी धुतली, पुसली, प्रोब बाहेर टांगला आणि बाजारात गेलो. खोलीत होते १७ अंश. थर्मोस्टॅटला वाटलं, दगडू गारठलाय. त्याने दिवा पूर्ण पेटवून ठेवला. परतलो तेव्हा दगडू थंड कोपऱ्यात तोंड वासून चिकटला होता, आणि त्या कोपऱ्यात थंड म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दिवा बंद करून दारं उघडली, तेव्हा कुठे त्याचं तोंड मिटलं.

"अहो, यंत्राला बोलू नका," बायको म्हणाली. "त्याने इमानदारीने अख्खं मँचेस्टर तापवायचा प्रयत्न केला."

दगडू आता ठणठणीत आहे. गॅसचं बिल वाचवायला आम्ही तिघं स्वेटरात बसतो, तो चाळिशीत पसरतो. पेटीच्या झाकणावर बायको दही लावते, कारण हिवाळ्यात घरात दुसरीकडे कुठे ते लागत नाही. झाकणावरच्या हवेच्या झरोक्यांवर भांडं ठेवायचं नाही, एवढा तह झाला आहे.

वाचकहो, सरडा पाळायचाच असेल तर त्याला आणण्याआधी रिकामी पेटी काही दिवस चालवून बघा. दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर ठेवा. आणि प्रोब आत घट्ट बसवा. तो जिथे टांगाल, तिथलंच तापमान मोजतो.