स्टिल्ट-फरशी-मीमांसा

बर्फाळ मुलुखांत गॅरेजच्या फरशीचा शत्रू ठरलेला असतो. चाकांना चिकटून बर्फ येतो, तो वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ येते, आणि फटीत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगून काँक्रीट फोडते. उलट मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही जानेवारी १९६२ मधला. तेव्हा बोरिवलीकराने हा पूर्वपक्ष सोडून सरळ पावसाकडे वळावे.

मुळात आपल्याकडे गॅरेज आहे का, हा पहिला वाद. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली उघडी जागा, हे गॅरेज नव्हे. त्या निकालानुसार बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, ती सामाईक. यातून निघणारे उपप्रमेय भाष्यकारांच्या नजरेतून निसटलेले दिसते: जागा सामाईक, तर तिथे साचणारे डबकेही सामाईक. ते साचते मात्र कायम ३०२ च्याच गाडीखाली.

आता द्रव्यविचार. शहाबादी स्वस्त, पण थराथरांची; काही पावसाळ्यांत तिचे पोपडे निघतात. कोटा टिकाऊ, पण जुलैत शेवाळ धरले की स्कूटर आधी आडवी होते की स्कूटरवाला, एवढेच पाहायचे उरते. तिला टाकी मारून खरखरीत करावी, तर नवरात्रात अनवाणी गरबा खेळणारे तक्रार घेऊन येतात. इपॉक्सी हा मॉलचे पार्किंग पाहून आलेल्यांचा पक्ष. जमिनीतली ओल वर आली की त्याला फोड येतात. पेव्हर ब्लॉकवर तर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. खालची वाळू वाहून गेली की एखादाच ब्लॉक डुगडुगू लागतो, दिसायला अगदी शेजाऱ्यांसारखा. इस्त्रीची पँट घालून लोकल गाठायला निघालेल्याचा पाय नेमका त्यावर पडतो आणि चिखलाची पिचकारी गुडघ्यापर्यंत येते. बर्म्युडा घालून दूध आणायला निघालेल्यावर ती उडाल्याचे उदाहरण या लेखकास आढळलेले नाही.

आमच्या मते हा सारा वाद गौण. खरा विषय ढाळ. शंभर फुटांना एक फूट उतार मिस्त्री तोंडी लगेच कबूल करतो. म्हणून जाळीपासून लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून, ते कुठे जाते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. अपवाद एकच, २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याने ढाळाची चौकशीही केली नाही.

सर्वसाधारण सभेत ढाळाचा विषय कुणी काढत नाही, कारण मग तो कुणाच्या गाडीखालून न्यायचा ते सांगावे लागते. तीन कोटेशने बाजूला राहतात आणि चर्चा रंगावर रंगते: ग्रे की मरून? दीड तासाने ग्रे बहुमताने मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक, दोघांकडेही गाडी नसते.