आत तिशी, गेटवर साठी

पुणे जिल्ह्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर नजर टाका. बाहेर पडणारी पोरं वीस-बावीसची. त्यांच्या पिशव्या तपासणारे काका साठीच्या घरातले. दोघांनाही कामावर घेणारा बहुधा ठेकेदारच.

लाइनवर तिशीच्या पुढचा माणूस नको, हे नोकरीच्या जाहिरातीत सर्रास लिहिलेलं असतं. गेटवर मात्र साठीचाही चालतो. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यात रक्षकाला वयाची मर्यादा 65 आहे. ठेकेदाराचा धंदा असा दोन टोकांवर उभा आहे, मधल्या वयाचा माणूस त्याला नको.

काका हौसेने उभे नाहीत. कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजनेतून, म्हणजे ईपीएस-95 मधून येते. किमान रक्कम 1000 रुपये, सप्टेंबर 2014 पासून तीच. एवढ्यात महिन्याचा किराणाही येत नाही. आणि तीही मिळायला 10 वर्षांची नोकरी लागते. ही 10 वर्षं भरू न देणारी भरती कोण करतं, खरा प्रश्न तो आहे.

240 दिवस सलग भरले की कायमपणाचा हक्क लागू होऊ शकतो, म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’. मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, कधी नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून नाव. ॲप्रेंटिस असेल तर पीएफचा पत्ताच नाही. तिशीला बाहेर पडलेल्या पोराच्या खात्यात पेन्शनची तुटक तीन-चार वर्षं, तीही बहुतेकदा काढून खाल्लेली. आज लाइनवरून कमी केलेला हा पोरगा आणखी तीस वर्षांनी त्याच गेटवर शिट्टी घेऊन उभा राहील. ही उशिराची निवृत्ती भरतीच्याच पद्धतीने तयार केली आहे.

निवृत्तांना पुन्हा कामावर घेण्यात सरकारही मागे नाही. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. वडील रेल्वेतून निवृत्त आणि मुलगा रेल्वे भरतीच्या तयारीत, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये रेल्वे बोर्डाने 65 वर्षांच्या आतल्या निवृत्तांना दोन वर्षांसाठी पुन्हा घ्यायची मुभा दिली. पगार म्हणजे शेवटच्या मूळ वेतनातून पेन्शन वजा जाता उरेल ते. अनुभवी हात हवेत, मान्य. पण माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख कागदावर आलेली असते. मग जागा अचानक रिकामी कशी होते?

शाळांचं तेच. 7 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षक घेता आले. मानधन 20,000 रुपये, वय 70 पर्यंत. नियमित शिक्षक येईपर्यंतची सोय, असं सांगितलं गेलं. नियमित शिक्षक का येत नव्हते? 2017 च्या डिसेंबरात शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी झाली, पुढची थेट 2023 च्या फेब्रुवारीत. पाच वर्षं डी.एड. झालेल्या पोरांनी काय करायचं होतं? शिरूर-दौंडकडची कित्येक पोरं रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसींच्या लाइनवर आली. वर्गात परतलेल्या गुरुजींवर माझा राग नाही. वेळेवर परीक्षा न घेणाऱ्यांवर आहे.

निवृत्तीचं वय 58 ठेवा की 60 करा, हा वाद सरकारी नोकरांपुरता आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या ठेकेदारी कामगाराला निवृत्तीच नाही. त्याच्या पगारावर पेन्शनसाठी दरमहा 8.33 टक्के, जास्तीत जास्त 1250 रुपये जमा होतात. 15,000 च्या पगारावर 10 वर्षं भरली तर पेन्शन 2143 रुपये, 35 वर्षं भरली तर किमान 7500. वर्षं भरण्यावर सगळं आहे.

म्हणून कंपनीत लागलेल्या प्रत्येक पोराला सांगणं आहे. ब्रेक मिळाला की पीएफ काढायला धावू नका. जुनं खातं त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, नव्या ठेकेदाराकडे वर्ग करून घ्या. काम सुटलंच तर पेन्शनची रक्कम न उचलता योजना प्रमाणपत्र मागा, म्हणजे भरलेली वर्षं शाबूत राहतात. आणि पगारातून पीएफ कापूनही ठेकेदार तो भरत नसेल, तर चार जण मिळून पुण्याच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या.